चिरल्यावर धुतलेली भेंडी

भेंडी चिरल्यावर धुणाऱ्या माणसाशी माझं आजही जमत नाही. आधी धुवा, पुसा, मग चिरा. यात न समजण्यासारखं काय आहे? पण लग्न होऊन मी आर्णीला आले तेव्हा सासरी कारभार उलटा होता. कोणतीही भाजी आधी चिरायची आणि मग दोन पाण्यांनी धुवायची. मेथी असो, वांगी असो, भेंडी असो. भाजी चिरायची ती बाहेर ओसरीत, पावशीवर. आमच्याकडे विळीला पावशी म्हणतात. त्या पावशीला येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात लागलेले, भाजीला बाजाराचे हात लागलेले. ते सगळं चिरल्यावर धुऊन टाकायचं आणि मगच स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा, असा सासूबाईंचा दंडक होता.

माझं माहेर पुसदचं. आई भेंडी आधी धुवायची, कोरड्या फडक्याने एकेक पुसायची, मग चिरायची. नवी नवी असताना मी हे सासूबाईंना सांगून पाहिलं. त्या माझ्याकडे पाहून हसल्या.

“हे पुसद नोहे, सूनबाई. आपल्या घरी धुतल्याबिगर काही चुलीवर चढत नाही.”

“धुऊ नका कुठं म्हणते मी, आत्याबाई? आधी धुवा म्हणते.”

“अन् चिरताना पावशी लागली ते?”

“पावशीच धुऊन घ्या.”

“तू लय शिकून आली दिसते,” त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

चिरलेल्या भेंडीवर पाणी पडलं की काय होतं ते ज्याने पाहिलं असेल त्याला सांगायला नको. पाण्यालाच तार सुटते, बोटं एकमेकांना चिकटतात. सासूबाईंना त्याचं काही नसायचं, कारण पुढे त्या भेंडीला तेलात पोहायलाच सोडत. वर ठेचलेला लसूण, लाल तिखट, काळा मसाला आणि मूठभर दाण्याचा कूट. एवढं सगळं पडल्यावर खाली भेंडी आहे की गवार आहे, ते कोणाला कळणार? सगळे बोटं चाटत जेवायचे. आमचे हेसुद्धा. मी मनातल्या मनात जळफळायचे आणि शेवटी उरलेलं खायचे.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्यानंतरची ही गोष्ट. गावाबाहेरच्या नाल्यावर पुलाचं काम निघालं आणि त्या कामावरचा ओव्हरसियर आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने आला. माणूस दक्षिणेकडचा. आदिलाबादच्या खाली जो कोणी राहतो तो मद्रासी, एवढाच आमच्या गावाचा भूगोल होता, त्यामुळे तो मद्रासी साहेब झाला. काही महिन्यांनी तो बायको घेऊन आला, तेव्हा ती मद्रासीण झाली. माझ्याच वयाची, कदाचित एखाद्या वर्षाने लहान. दोन्ही नाकपुड्यांत चमकी आणि वेणीत रोज काहीतरी फूल. तिला मराठी येत नव्हतं आणि हिंदीचे पाच-सहा शब्द येत होते. त्यातला एक ‘अच्छा’. काहीही म्हटलं की ती ‘अच्छा’ म्हणायची, त्यामुळे तिला खरंच काय वाटतं ते कळायची सोय नव्हती.

ती आली तीच दिवस गेलेली. तिसरा महिना. त्यांच्या खोलीत चूल नव्हती, रॉकेलचा स्टो होता, आणि रॉकेलचा वास आला की तिला ओकारी यायची. सासूबाईंना हे कळलं त्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं की दोघं आमच्याकडेच जेवतील. ओव्हरसियर हात जोडून नको नको म्हणत राहिला आणि सासूबाईंनी त्याचं ताट वाढून टाकलं. याबाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. आमच्याकडे भात सणावाराला होई, रोज ज्वारीची भाकर. पण तिच्यासाठी रोज वेगळा भात चढू लागला.

ती मात्र खाईना. दोन घास ताकभात, की उठलीच. पंधरा दिवसांत तिचे गाल आत गेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. त्यातच ओव्हरसियरने आमच्या ह्यांना सांगितलं की मागच्या वर्षी तिचं एक पोट पडलं होतं. ह्यांनी मला सांगितलं, मी सासूबाईंना. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि सुईणीला बोलावणं धाडलं.

एक दिवस ओव्हरसियर ओसरीत येऊन म्हणाला, “पोले के बाद छुट्टी मिलेगा. इसको बाप के घर छोड़ के आता मैं. इधर खाती नहीं, मर जाएगी.”

सुईण तिथेच बसली होती. ती म्हणाली, “साहेब, या दिवसांत मोटारीचे धक्के नाही चालत. मागं एक गेलं ना तिचं? रस्त्यानंच काही झालं तर कोन पाहीन?”

आणि रस्ता तरी कसला! आर्णीहून यवतमाळ, यवतमाळहून वर्धा, सगळा श्रावणातला चिखल, आणि मग पुढे दीड-दोन दिवस आगगाडी. ओव्हरसियर काही दुष्ट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेल्या पुरुषाला सुचतं ते एकच: तिला तिच्या बापाकडे पोहोचवा. ती दाराआड उभी होती. तिला काय कळलं देव जाणे, पण ‘बाप’ आणि ‘छोड़ के’ एवढं कळलं असावं. ती खोलीत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही.

पोळ्यापर्यंत तिने जेवायला लागलं पाहिजे, नाहीतर ती मोटारीत बसणार आणि मग तिच्या पोटातल्या लेकराचं काय होईल याचा नेम नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांना हे पक्कं कळलं होतं. आणि हे कळल्यावर आम्ही जो गोंधळ घातला तो आठवला की आजही माझं डोकं तापतं.

तांड्यावरची एक बंजारा बाई डोक्यावर टोपलं घेऊन भाजी विकायला यायची. एका सकाळी तिच्या टोपल्यात भेंडी होती, कोवळी, लवदार. ओव्हरसियरची बायको खाली बसली, एक भेंडी उचलली, टकन् शेंडा मोडला आणि तिथेच कच्ची खाल्ली. आख्खी. ओकली नाही. नवऱ्याकडे वळून तिच्या भाषेत भरभर कायकाय बोलली, हाताने चुलीकडे दाखवलं, स्वतःच्या छातीला हात लावला. इतकं ती आल्यापासून कधी बोलली नव्हती.

ओव्हरसियर म्हणाला, “भेंडी मांगती. हमारे गाँव के माफिक.”

“डोहाये लागले माय तिले!” सासूबाई आनंदाने ओरडल्याच. सगळं टोपलं त्यांनी घेऊन टाकलं.

आता खरं म्हणजे प्रश्न मिटला होता. जिला खायचं आहे तिला करता येत होतं. चूल होती, भेंडी होती. ती उठून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आलीसुद्धा. पण सासूबाईंनी तिला दोन्ही खांद्यांना धरून ओसरीतल्या पाटावर आणून बसवलं.

“तू बस, माय. जिचे डोहाये तिनं हात नाही लावायचा. दुसऱ्याच्या हातचं खाल्लं तरच डोहाया पुरा होते. तू फक्त खाय.”

“अच्छा,” ती म्हणाली.

मग सासूबाईंनी आपली नामांकित भेंडी केली. चिरली, धुतली, तेल ओतलं, लसूण, तिखट, कूट, काळा मसाला. पाहुणीसाठी म्हणून सगळं हात सैल सोडून. आमच्याकडे पाहुण्याला कमी तेलाची, कमी तिखटाची भाजी वाढणं म्हणजे त्याचा अपमान. तिने एक घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. हसून हात जोडले आणि मागच्या बाजूला जाऊन ओकून आली.

“तिखट कमी पडलं का?” सासूबाईंनी मला विचारलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग ओव्हरसियरला विचारायचं ठरलं. हे म्हणजे आंधळ्याला वाट विचारण्यापैकी होतं. तो माणूस जन्मात चुलीजवळ उभा राहिला नव्हता. “उसमें क्या है,” तो म्हणाला, “भेंडी है, बस.” मी पदर खोचून दाराआडून विचारलं, “फोडणी कायची असते म्हनावं?” तो विचारात पडला. पूल बांधणारा माणूस, पण चेहरा असा केला की जणू मी त्याला परीक्षेला बसवलंय. “राई. उड़द का दाल. खोबरा डालता. और... सूखा. एकदम सूखा.”

“सुकं खोबरं!” सासूबाई म्हणाल्या.

“आत्याबाई, भाजी सुकी म्हणते ते, खोबरं नाही.”

“मी काय बहिरी हाव? खोबरा म्हनला, सूखा म्हनला.”

झालं. दुसऱ्या दिवशी सुकं खोबरं खरपूस भाजून, कुटून, दाण्याच्या कुटाच्या जोडीला पडलं. कूट मात्र सोडला नाही. भेंडीची भाजी आणि कूट नाही, हे त्यांच्या हाताला मान्यच नव्हतं. तिने एक घास घेतला, हात जोडले, उठली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं, म्हणजे अर्धं ऐकलं. तिखट नाही, कूट नाही, मसाला नाही, तेल चमचाभर. पण चिरून धुतलीच. वर ताट झाकलं, ताटात पाणी ओतलं, वाफ कोंडली. आजवर तेल आणि कुटाने जे झाकून ठेवलं होतं ते उघडं पडलं. ताट काढलं तर कढईत सर्दी झालेल्या लेकराच्या नाकासारखा प्रकार. मला हसूही आलं आणि संतापही.

“आत्याबाई, मी सांगत होती ना, आधी धुवा.”

“धुन्यानं काही होत नाही. या भेंडीतच दोष असन. तांड्यावरची हाये, पावसाची.”

आमचे हे जेवायला बसले होते. कढईत डोकावून म्हणाले, “तुमी दोघी मिळून त्या बाईले मारसान.” आणि लोणच्याशी भाकर खाऊन कामावर निघून गेले. पुरुषांना बरं असतं, बोलून निघून जाता येतं.

रोज ती उंबरठ्यापर्यंत यायची. चुलीकडे बोट दाखवायची, स्वतःकडे दाखवायची. सासूबाई म्हणायच्या, “पाह्य बिचारी, किती घाई झाली तिले,” आणि पुन्हा पाटावर बसवायच्या. मी एकदा म्हटलं, तिला करू द्या ना, काय बिघडतं? त्यावर त्या इतक्या चिडल्या की मी जरा दचकलेच. एरवी माझ्या बोलण्यावर त्या हसत. त्या दिवशी आवाज चढवला. “माह्या घरात डोहाळकरीन आपल्या हातानं करून खाईन? मी मेली का अजून?” आता या बाईंपुढे डोकं फोडायचं तरी किती! जिला खायला मिळावं म्हणून एवढी धडपड, तिलाच चुलीपासून अडवायचं. चार घरच्या बायका येऊन आपापली अक्कल सांगून गेल्या. एक म्हणाली चिंच घाला, एक म्हणाली गूळ घाला. कोणी म्हणाली नाही की तिला विचारा.

असं करता करता पोळा आला. ओव्हरसियरची सुट्टी मंजूर झाली होती, दोन दिवसांनी निघायचं ठरलं होतं. तिची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली मी पाहिली.

आमच्या घरी बैल नव्हते. सासूबाई दर पोळ्याला खालच्या आळीत चुलत दिरांकडे बैलांना ओवाळायला जात. पुरणपोळी झाली, सगळ्यांची जेवणं झाली, पुरुष तोरणाखाली बैल पाहायला गेले, सासूबाई ताट घेऊन बाहेर पडल्या. मागे मी एकटी, खरकटं आवरायला. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. ती तिच्या दाराशी ट्रंकेवर बसून होती. सकाळी पुरणपोळीचा तुकडा तोंडात घालून तोही तिने टाकला होता.

घरात भेंडी होती. मी म्हटलं, आज शेवटचं करून पाहू, आपल्या आईसारखं, कोणी अडवायला नाही. ओसरीत पावशी मांडली, निम्मी भेंडी भराभरा चिरली, परातीत घेतली, तांब्याने पाणी ओतलं.

आणि पाणी पडल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. दोन वर्षांत माझाच हात त्या घराचा झाला होता. ज्या गोष्टीवरून मी सासूबाईंशी एवढी भांडले ती माझ्याच हाताने मी करून बसले. असा संताप आला की परात उचलून अंगणात फेकावी.

तेवढ्यात ‘अय्यो’ म्हणून ती ओरडली. ट्रंकेवरून उठून धावत आली, तांब्या माझ्या हातातून ओढून घेतला आणि तिच्या भाषेत मला फाडफाड बोलली. एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. इतके दिवस ‘अच्छा, अच्छा’ म्हणणारी बाई! मला एकदम हायसं वाटलं. चला, या घरात माझ्याइतकी चिडणारी आणखी कोणीतरी आहे.

मी हात जोडले. “या बाई. तुमीच करा. डोहाये गेले खड्ड्यात.” आणि तिचा हात धरून मी तिला उंबरठ्याच्या आत घेतलं.

उरलेली भेंडी तिने आख्खी धुतली. स्वतःच्या पदराने एकेक पुसली. पावशी धुऊन आत आणली, कोरडी केली आणि चकत्या चिरल्या, पातळ, सारख्या. कढईत थोडं तेल. मोहरी, मग उडदाची डाळ. डाळ लाल होईस्तोवर थांबली. परसातल्या गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, डहाळी मी आणून दिली. एक लाल मिरची, तीही मोडून. मग भेंडी. मी सवयीने ताट झाकलं. तिने काढून बाजूला ठेवलं. जरा वेळाने माझा हात पुन्हा ताटाकडे गेला, तर तिने माझ्या हातावर चापट मारली. मीठ मी आधीच पुढे केलं होतं, तिने ते शेवटी घातलं. भेंडी उघड्या कढईत आपली आपण सुकत गेली. तार नाही, चिकटपणा नाही. सकाळी देवापुढे फोडलेला नारळ होता. आमच्याकडे खवणी नव्हती, तिने पावशीच्या टोकाने तो ओरबाडून वर घातला. झालं. एवढीच ती भाजी, जिच्यासाठी आमचं घर आठ-दहा दिवस उलटंपालटं झालं होतं.

मी तिच्यासाठी पाट मांडला. ती बसेना. तिने मलाच खांद्यांना धरून पाटावर बसवलं, सासूबाई तिला बसवायच्या तसं. ताटात भात वाढला, त्यावर भेंडी, आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. ती रोज ओसरीतून पाहत होती ना, मी सगळ्यांच्या मागून काय खाते ते. त्या घरात येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि चुलीवरून उतरलेलं गरम पहिलं ताट माझ्यापुढे कोणी वाढलं नव्हतं. सून शेवटी जेवते, त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही वाटत नव्हतं. पण त्या दिवशी मला रडू आलं, आणि या बाईसमोर रडू आलं याचा रागही आला. भेंडी कुरकुरीत होती. मी मान हलवली.

मग ती जेवली. भाताचा पहिला वाढा संपला, दुसरा घेतला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, आता उठते की मग उठते. ती उठली नाही. कढईतल्या खरपुड्याही तिने बोटाने काढून खाल्ल्या.

त्याच वेळी ओवाळणीचं ताट हातात घेऊन सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

पावशी स्वयंपाकघरात, चिरल्यावर न धुतलेली भाजी चुलीवर, आणि डोहाळकरीण चुलीपाशी बसलेली. एकही नियम आम्ही शिल्लक ठेवला नव्हता. मी उठून उभी राहिले. माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

“तिनंच केली,” मी म्हणाले. “मी करू देल्ली. आता तुमाले काय बोलायचं ते बोला. पन ती जेवली, आत्याबाई. दोनदा भात घेतला.”

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. कढईत पाहिलं. मग भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं आता भडका उडणार.

“मले पहिल्यानं दिवस गेले तेव्हा बोरं पाह्यजे होती,” त्या म्हणाल्या. “घरामागं वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच बोरी होती. ओसरीतून दिसे. लाल झालती बोरं. उठून चार पावलं गेली असती तर हातात आली असती. पन माही सासू म्हने, आपल्या हातानं तोडायची नाही, कोनी आनून देईन. मी बसून राह्यली. सुगीचे दिवस, ज्याले त्याले काम. वाट पाहू पाहू बोरं सरली. कोनीच नाही आनून देल्ली.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? ते पोरगं नाही वाचलं.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “त्यानंच गेलं का कायनं गेलं, देवाले ठाऊक. पन माह्या घरात कोन्या बाईवर आपलं आपन उठून घ्यायची पाळी नाही आली पाह्यजे. म्हनून मी तिले बसवून राह्यलती.”

इतके दिवस मी त्यांच्यावर चिडले होते. राग अजून पुरता गेला नव्हता, आणि कोणावर काढावा ते मात्र कळेना. त्या मेलेल्या आजेसासूवर काढावा तर तीही कधीतरी अशीच पाटावर बसली असेल.

ओव्हरसियरच्या बायकोला आमचं बोलणं कळलं नाही. तिने मधल्या वेळात ताट घेतलं, भात वाढला, कढईत उरली होती तेवढी भेंडी घातली आणि सासूबाईंपुढे ठेवलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला.

“मीठ बरं हाये,” त्या म्हणाल्या. “कूट पाह्यजे होता.”

ट्रंक उघडली गेली, कपडे पुन्हा खुंटीवर गेले, ओव्हरसियरची सुट्टी वाया गेली. ती रोज सकाळी आमच्या चुलीपाशी येऊ लागली. सासूबाईंनी ‘ये’ कधी म्हटलं नाही, पण चुलीजवळ तिच्यासाठी पाट टाकलेला असायचा. होळीच्या आधी तिला मुलगी झाली, धडधाकट, गळा काढून रडणारी. पूल संपल्यावर त्यांची बदली झाली. निघताना ती माझ्या गळ्यात पडून खूप काही बोलली आणि शेवटी ‘अच्छा’ म्हणाली. पुढे तिची काही खबर कळली नाही.

आमच्या घरात त्यानंतर काही सुधारणा झाली असेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. चिरलेली भाजी धुतल्याशिवाय चुलीपाशी जात नव्हती ती नव्हतीच. मी वाद घालणं सोडलं नाही, त्यांनी धुणं सोडलं नाही.

महाराष्ट्र झाला, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मला दिवस गेले. काही तोंडात ठरेना. एका सकाळी मला ती भेंडी आठवली, खोबरं भुरभुरलेली, कोरडी, आणि तोंडाला पाणी सुटलं. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मी उठू लागले तर त्यांनी मला ओसरीत पाटावर बसवलं.

“तू बस.”

“आत्याबाई, आधी धुवायची हां. पुसायची. मग चिरायची.”

“हो व माय, ध्यानात हाये. मी का पाह्यली नाही ती?”

“अन् झाकायची नाही.”

“बस म्हनलं ना!”

त्यांना तेव्हा नीट दिसतही नव्हतं. तरी उन्हात बाजारात स्वतः गेल्या, भेंडी आणली, कुठून तरी ओला नारळ पैदा केला. पावशी मात्र त्या दिवशी मागच्या पडवीत मांडली, माझ्या नजरेआड. मी ओसरीत बसून कान देऊन ऐकत होते. आधी पावशीचा आवाज आला, कच कच कच. मग पाण्याचा. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने चुलीकडून आवाज आला, कढईवर ताट ठेवल्याचा.

त्या पदराने ताट धरून आल्या. भेंडी शिजून लगदा झाली होती, चमचा उचलला की तार खाली लोंबत होती, आणि वर खोबऱ्याच्या जोडीला दाण्याचा कूट. ताट माझ्यापुढे ठेवून त्या समोर मांडी घालून बसल्या आणि बारीक डोळे करून माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या.

मी ती सगळी भेंडी खाल्ली. ताट पुसून खाल्ली.

“अजून हाये का, आत्याबाई?” मी विचारलं.